देशाला घटना दिली, मग मंडळाला नियमावली का नको?



आपल्या चळवळीत माणसं कशी येतात, हे सगळे सांगतात. ती जातात कशी, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. गेल्या अठरा वर्षांत मी तीन ठिकाणी काम केलं: आधी विद्यार्थी संघटना, मग वस्तीतलं जयंती मंडळ आणि आता एक छोटं वाचनालय. या काळात जी माणसं दूर गेली, त्यांतली विरोधकांनी फोडून नेलेली फार थोडी. बाकीची आपणच घालवली. त्यांना काढल्याचा ठराव झाला नाही, नोटीस गेली नाही. पुढच्या बैठकीचा निरोप तेवढा त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

एक उदाहरण देतो. नावं घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने ही गोष्ट प्रत्येक शहरात घडलेली आहे. आमच्या जयंती मंडळात एक ताई होत्या. दिवसा अंगणवाडीत नोकरी, संध्याकाळी विहारात मुलींचा अभ्यासवर्ग. १४ एप्रिलची मिरवणूक झाल्यावर महिनाभराने त्यांनी बैठकीत विचारलं, "डीजेला किती गेले, आणि पावती पुस्तकं किती परत आली?" पुस्तकं पाच दिली होती, जमा तीनच झाली होती. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही समाजाला बदनाम करताय." पंधरा दिवसांत वस्तीत कुजबूज सुरू झाली की ताई दुसऱ्या पक्षाच्या लोकांना भेटतात. सहा महिन्यांनी पदाधिकारी निवडीची सभा होती. त्या आल्या, तर त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही सभासदच नाही. त्यांनी वर्गणीची पावती दाखवली. उत्तर मिळालं, "वर्गणीदार वेगळा, सभासद वेगळा." सभासदांची यादी कुठे आहे? अध्यक्षांच्या घरी, कपाटात. आम्ही तिघांनी यादी आणण्याचा आग्रह धरला. यादी आली नाही. निवड मात्र "सर्वानुमते" झाली.

त्याच मंडळात मिरवणुकीत पिऊन येणारा आणि मुलींना वाट्टेल ते बोलणारा एक पदाधिकारी होता. त्याची तक्रार दोनदा झाली. दोन्ही वेळा "आपलाच पोरगा आहे, समज देऊ" एवढ्यावर भागलं. म्हणजे हिशोब विचारणारी बाहेर आणि पोरींना त्रास देणारा आत! नियम नसले की सगळे मोकळे असतात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ज्याच्या हातात माइक आणि कपाटाची किल्ली, त्याचा शब्द हाच तिथला नियम होतो.

आता बाबासाहेबांकडे बघू. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदवली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष होते आणि बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष. समाज उपाशी, अडाणी आणि बहिष्कृत असतानाही बाबासाहेबांना नोंदणी आणि नियम ही चैन वाटली नाही. आज आपल्याकडे वकील आहेत, सीए आहेत, प्राध्यापक आहेत, आणि आपण म्हणतो, "घरचीच माणसं आहेत, कागद कशाला?"

२५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं समारोपाचं भाषण आपल्याला पाठ असतं. त्यातला व्यक्तिपूजेचा धोका सांगणारा भाग आपण स्टेटसला ठेवतो. त्याच भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण फार वाचत नाही. संसदीय पद्धत भारताला नवी नाही, हे सांगताना त्यांनी भिक्खू संघाचा दाखला दिला. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, या सगळ्यांचे नियम संघाकडे होते आणि ते पाळले जात होते.

विनयपिटकात याचे तपशील आहेत आणि ते आजही उपयोगी पडतील असे आहेत. संघ म्हणायला किमान चार भिक्खू लागत. महत्त्वाच्या कामासाठी प्रस्ताव एकदा मांडायचा, मग तीनदा जाहीर विचारायचं, ज्याची हरकत असेल त्याने बोलायचं. मत विभागलं तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मोजणी व्हायची. त्या काड्या वाटणारा माणूस छंद, द्वेष, मोह आणि भय या चारांच्या आहारी जाणारा नसावा, अशी अट होती. छंद म्हणजे कुणाची तरी ओढ, आपल्या भाषेत गटबाजी. आपल्या निवडणूक अधिकाऱ्याला ही अट लावून बघा!

भिक्खूवर कारवाई करायची तर आधी त्याला आरोप सांगावा लागे, घटनेची आठवण द्यावी लागे, त्याचं म्हणणं ऐकावं लागे. त्याच्या गैरहजेरीत केलेली कारवाई विनयाविरुद्ध ठरत असे. निलंबित भिक्खूचं वागणं सुधारलं, तर कारवाई मागे घेण्याचीही रीत ठरलेली होती. परतीचा रस्ता नियमातच होता. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचं पठण व्हायचं, थेरवाद परंपरेत भिक्खूंसाठी त्यात २२७ नियम आहेत. म्हणजे नियम कुणाच्या कपाटात नव्हते, ते सगळ्यांच्या कानांवर पडत होते.

तरीही कोसंबीत भांडण झालंच. कथेनुसार कारण क्षुल्लक होतं: शौचाच्या जागी भांड्यात पाणी शिल्लक ठेवलं, हा दोष की नाही? एका भिक्खूला निलंबित केलं, त्याने दोष मानला नाही, दोन तट पडले. तथागतांनी दोन्ही बाजूंना समजावलं. निलंबित करणाऱ्यांना सांगितलं की केवळ आपल्याला वाटतं म्हणून माणूस काढू नका, फुटीचं नुकसान आधी मोजा. दुसऱ्या बाजूला सांगितलं की इतरांचा विचार करून दोष कबूल करायला लाज बाळगू नका. कुणी ऐकलं नाही, आणि तथागत संघ सोडून अरण्यात निघून गेले. शेवटी कोसंबीच्या उपासकांनी भांडणाऱ्यांना मानपान आणि भिक्षा देणं बंद केलं, तेव्हा ते वठणीवर आले. वर्गणी देणाऱ्या प्रत्येक माणसाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तुमच्या हातात ताकद आहे.

आपल्या कोसंबी किती सांगू? ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि १९५९ मध्येच दुरुस्त-नादुरुस्त अशी फूट पडली. १९७२ ची दलित पँथर १९७४ मध्ये फुटली, १९७७ मध्ये बरखास्त झाली. १९९८ मध्ये महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन नेते एकाच वेळी लोकसभेत गेले, ते ऐक्यही टिकलं नाही. प्रत्येक फुटीला राजकीय कारणं होती, वैचारिक कारणंही होती. पण मला त्यांत एक धागा दिसतो. वाद नेऊन ठेवावा आणि निकाल दोन्ही बाजूंनी मानावा, अशी जागाच आपण कधी तयार केली नाही. वाद झाला की दोनच वाटा उरतात: गप्प बसा किंवा नवा गट काढा. मग तेच धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चालतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. दोन गट दोन अर्ज देतात, तारखा पडत राहतात, बँक खातं अडकतं आणि विहाराचं छत गळत राहतं.

यावर नेहमी तीन आक्षेप येतात. पहिला: शत्रू दारात असताना घरात नियम कसले करता? अहो, शत्रू दारात असतो तेव्हाच घरातला माणूस विनाकारण बाहेर काढणं महागात पडतं. दुसरा: नियम आले की मैत्री संपते. बाबासाहेबांना बंधुता हवी होती हे खरं, पण त्यांनी ती स्वातंत्र्य आणि समतेच्या शेजारी बसवली. जिथे एकाला जाब विचारता येतो आणि दुसऱ्याला येत नाही, तिथे बंधुता नसते, भाऊबंदकी असते. तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो: नियमावली हेच नेत्याच्या हातातलं हत्यार होईल. होऊ शकतं. "संघटनेची बदनामी केली" या एका वाक्यात कुणालाही बसवता येतं. म्हणून काय चालणार नाही हे लिहिताना काय गुन्हा मानला जाणार नाही, हेही लिहायला हवं. हिशोब मागणं, पदाधिकाऱ्यावर टीका करणं, निवडणूक मागणं, ठरावाविरुद्ध मत देणं, यांतलं काहीही शिस्तभंग नाही, हे वाक्य नियमावलीत पहिलं असावं.

आमच्या वाचनालयात आम्ही दोन पानांची नियमावली केली आणि सर्वसाधारण सभेत एकेक कलम वाचून मंजूर केली. सभासदांची नोंदवही वाचनालयाच्या टेबलावर असते, कुणीही उघडून बघावी. निवडीच्या ३० दिवस आधी यादी बंद होते, म्हणजे आदल्या रात्री ट्रक भरून सभासद येत नाहीत. वर्तनाची कलमं पाचच: पैशाचा अपहार, स्त्रियांशी गैरवर्तन, मारहाण किंवा धमकी, जात-पोटजातीवरून अपमान, आणि कार्यक्रमात नशा. तक्रार तिघांच्या समितीकडे जाते. त्यात पदाधिकारी नसतो, किमान एक महिला असते आणि एक जण बाहेरचा असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती लेखी मिळते आणि उत्तरासाठी १५ दिवस मिळतात. समिती निलंबन करू शकते, तेही मुदतीचं. कायमचं काढायचं तर सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतं लागतात. अध्यक्ष सलग दोनदाच. हेच नियम अध्यक्षांनाही.

हे कागदावर छान दिसतं. परीक्षा झाली ती आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याने मीटिंगमध्ये एका मुलाला पोटजातीवरून बोलल्यावर. माणूस आमच्या सगळ्यांचा आवडता, वाचनालयाची पहिली पन्नास पुस्तकं त्यानेच दिलेली. समितीने दोघांनाही ऐकलं आणि त्याला तीन महिने निलंबित केलं. त्याचे दोन मित्र आम्हाला सोडून गेले, ते अजून आलेले नाहीत. हा तोटा मी लपवत नाही. तो मात्र तीन महिन्यांनी आला आणि रजिस्टरमध्ये सही करून खुर्चीत बसला. ज्या मुलाला तो बोलला होता, तोही येतो. जुन्या मंडळात या दोघांपैकी एकच उरला असता, आणि तो कोण हे तुम्हाला मी सांगायला नको.

सरकारी नोकरीतल्या आपल्या माणसावर अन्याय झाला की आपण घटनेचं ३११ वं कलम काढतो. आरोप कळवल्याशिवाय आणि म्हणणं ऐकल्याशिवाय बडतर्फ कसं केलं, असं आपण ठणकावून विचारतो, आणि ते योग्यच आहे. मग हाच हक्क आपल्या मंडळातल्या ताईला का नाही? जे आपण राज्यसंस्थेकडे मागतो ते आपल्या विहारात, मंडळात, वाचनालयात आधी दिलं पाहिजे. नाहीतर उद्या कुणीही विचारेल, आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

मित्रहो, तथागतांनी आपल्यामागे कुणाला वारस नेमलं नाही, धम्म आणि विनय मागे ठेवला. बाबासाहेबांनीही आपल्याला गादी दिली नाही, पद्धत दिली. तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: सभासदांची यादी कुठे आहे? यादी टेबलावर आली तर कामाला लागा. नाही आली, तर कुणीतरी सूचक व्हा, कुणीतरी अनुमोदक व्हा, आणि तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.

जयभीम! जय संविधान!