धक्का सोडण्याआधी

आमची सफर सुरू झाली ती प्रयोगशाळेतल्या मोरीपाशी. ‘सिंधु साधना’ हे संशोधन जहाज मुरगाव बंदरात लागायच्या कितीतरी आधीपासून दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आम्ही बाटल्या धूत होतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवायच्या, शुद्ध पाण्याने विसळायच्या, वाळवायच्या, क्रमांक घालायचे. पाण्यातला प्राणवायू मोजायच्या नमुन्यांसाठीच्या काचेच्या बाटल्यांचे लाड त्याहून जास्त. प्रत्येक बाटलीचे बूच ठरलेले. दुसरे लावले की बाटलीत मावणारे पाणी बदलते आणि हिशेब चुकतो. म्हणून पाणी भरून वजन करायचे आणि त्या जोडीचे नेमके आकारमान वहीत लिहायचे.

एवढी काळजी कशासाठी, ते अरबी समुद्रच सांगतो. पृष्ठभागावर वनस्पतिप्लवक उदंड वाढते. त्याचे अवशेष खाली जातात, ते कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. उत्तरेला जमीन असल्यामुळे ताजे पाणी पुरेशा वेगाने येत नाही. म्हणून साधारण 150 ते 1000 मीटर खोलीच्या दरम्यान जवळजवळ प्राणवायूच नसलेला जाड थर आहे. पावसाळ्यात असे कमी प्राणवायूचे पाणी आपल्या किनाऱ्याकडे वर सरकते, तेव्हा मासळीच्या जगण्याचा प्रश्न येतो. असे पाणी मोजताना बाटलीत शिरलेला हवेचा एक बुडबुडाही खोटा आकडा देतो.

सामानाची यादी करताना आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “लागेल असं वाटतं ते एक घे, लागणारच आहे ते दोन घे.” रसायने, फिल्टर कागद, रबरी नळ्या, हातमोजे, सगळे दुप्पट झाले. पेट्या ट्रकने जुवारीचा पूल ओलांडून बंदरावर गेल्या, क्रेनने जहाजावर चढल्या. मग बांधाबांध. टेबलावरचे प्रत्येक उपकरण दोरीने आणि पट्ट्यांनी आवळायचे. एका जुन्या खलाशाने माझी गाठ सोडून पुन्हा मारून दाखवली आणि ओढून बघायला लावली.

निघायच्या दिवशी आईला फोन केला. “जेवत जा वेळेवर,” एवढेच ती म्हणाली. लाइफजॅकेट घालून डेकवर जमायची कवायत झाली, जहाजाला बंदराबाहेर नेणारा पायलट चढला, टग बोटींनी जहाज धक्क्यापासून ओढले. बंदराबाहेर पायलट उतरून गेला, पुढे मोबाइलचे सिग्नलही गेले. कठड्याशी उभी असताना मनात एकच उजळणी चालली होती: काही राहिले तर नाही ना?

पहिल्या खोल स्टेशनवर, म्हणजे नमुने घ्यायच्या ठरलेल्या जागी, विंचने सीटीडी हा पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारा, बाटल्या जोडलेला संच खाली सोडला. वर येताना ठरलेल्या खोलीला त्याच्या बाटल्या एकेक करून बंद झाल्या. डेकवर पहिला नमुना प्राणवायूचाच घ्यायचा. नळी तळाशी टेकवून, पाणी ओसंडू देत, बुडबुडा न येऊ देता मी बाटल्या भरल्या. 1888 मध्ये लायोश विंक्लर यांनी दिलेल्या पद्धतीने रसायने घातली, ठरलेली बुचे लावली. पृष्ठभागाच्या पाण्यात तपकिरी साका धरला. 300 मीटरच्या पाण्यात तो पांढराच राहिला.

पांढरा म्हणजे प्राणवायू जवळपास नाही. पुस्तकात वाचलेला तो थर माझ्या हातात होता आणि त्या रंगावर मी विश्वास ठेवू शकत होते, कारण ती बाटली, ते बूच आणि वहीतला त्यांचा आकडा मला ठाऊक होता. समुद्रावरचे विज्ञान निम्मे किनाऱ्यावरच घडते, हे मी आता नव्याने येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते आणि आधी मोरीपाशी नेते.