वाघिणीच्या फटी

लहानपणी बार्शीच्या स्टेशनवर ‘वाघीण’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला, तेव्हा आम्ही दोघंही घाबरलो होतो. एक हमाल दुसऱ्याला ओरडून सांगत होता, ‘आधी ती मागची वाघीण रिकामी कर!’ आम्ही अब्बांचा हात घट्ट धरला. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे अब्बांनी हसत हसत समजावलं. अब्बा म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील आणि दुसरीचे मामू. म्हणून आमच्या बऱ्याच आठवणी लग्नाआधीपासूनच सामाईक आहेत.

ती गाडी बार्शी लाइट रेल्वेची. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभारलेली, अडीच फुटी रुळांची, १८९७ साली सुरू झालेली. पुढं ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. दादा सांगायचे, आषाढीला डबे पुरायचे नाहीत, मग वारकऱ्यांना वाघिणीत बसवायचे. बसवायचे कसले, भरायचे. दादांचा शब्द तोच होता, ‘भरायचे’. आता तो चिमुकला रूळही नाही आणि ती गाडीही नाही. तिथून ब्रॉडगेज जाते.

हे सगळं आठवायचं कारण आमचा नातू. दोन वर्षांपूर्वी आम्ही लेकीकडे बर्मिंगहॅमला गेलो होतो. नातू आठ वर्षांचा, त्याला आगगाड्यांचं भारी वेड. एका रविवारी तो आम्हाला तासाभरावरच्या एका जुन्या रेल्वेवर घेऊन गेला. तिकडे बंद पडलेले रेल्वेमार्ग हौशी माणसं वर्गणी काढून, अंगमेहनत करून पुन्हा चालवतात. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेपासून १९५१ साली ही चाल सुरू झाली आणि आता त्या देशात अशा कितीतरी गाड्या धावतात. इंजिनाचा धूर, चकाकणारं पितळ, मखमली बाकं, टोपीवाला गार्ड, सगळं हौसेनं जपलेलं. लोक इंजिनाजवळ उभं राहून फोटो काढत होते.

नातवानं मात्र आम्हाला मागच्या शेडमध्ये ओढत नेलं. ‘नानाजान, नानीजान, ये बकरियों का डब्बा देखो!’

शेडमध्ये एक लाकडी वाघीण उभी होती. लांबी सुमारे अठरा फूट. मधोमध दार. दाराचा खालचा भाग फलाटावर आडवा पडायचा आणि त्यावरून जनावरं चढायची, वर दोन झडपा. खालच्या अर्ध्या भागात फळ्या एकमेकींना भिडलेल्या, वरच्या अर्ध्या भागात आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांमध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट. तळाला जनावराचा पाय घसरू नये म्हणून आडव्या लाकडी पट्ट्या ठोकलेल्या.

पांढऱ्या केसांचा एक निवृत्त सुतार तिथं काम करत होता. पगार नाही, हौस. त्यानं आम्हाला सगळं दाखवलं. रेल्वेनं मोडीत काढलेल्या अशा डब्यांची नुसती खोकी शेतकरी विकत घेत. या डब्यानं कित्येक वर्षं एका शेतावर खुराडं म्हणून काढली होती. खालचा सांगाडा आणि चाकं दुसऱ्या एका डब्याची मिळाली. निम्म्या फळ्या कुजलेल्या निघाल्या. जी चांगली होती ती ठेवायची, जी गेली तिच्या मापाची नवी कापायची, जुने बोल्ट गंज काढून पुन्हा वापरायचे. चार वर्षं हे काम चाललं होतं.

आत एक सरकती लाकडी भिंत होती. गिऱ्हाईकानं मोठा, मध्यम किंवा छोटा यांपैकी जो डबा मागितला असेल, त्याप्रमाणे ती सरकवायची. भाडं तसं आकारायचं. पण भिंतीचा आणखी एक उपयोग होता. जनावरं थोडी असली आणि डबा मोठा असला, तर गाडीच्या हिसक्यानं ती एकमेकांवर आदळतात, पाय मोडतात. म्हणून जागा फार कमी नको, तशी फार जास्तही नको. हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अब्बा हेच सांगायचे. आमच्या घराण्याकडे गावची मुलाणकी होती.

रेल्वे येण्याआधी वेल्स आणि स्कॉटलंडची गुरं आठवडेच्या आठवडे चालत लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात यायची आणि वाटेत वाळून जायची. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि लवकरच तिच्यावरून डुकरं-मेंढ्या जाऊ लागल्या. पहिल्या डब्यांना छप्परही नसे. पाऊस, बर्फ, इंजिनाच्या ठिणग्या, सगळं अंगावर. मग १८६५ साली तिकडे बुळकांडीची मोठी साथ आली, हजारो गुरं मेली आणि सरकार जागं झालं. डबे धुण्याचे, जंतुनाशक लावण्याचे, वाटेत पाणी पाजण्याचे कायदे झाले. म्हातारा म्हणाला, ‘दया आली म्हणून नाही, नुकसान झालं म्हणून. पण कायदा झाला हे खरं.’

जंतुनाशक म्हणजे चुना. प्रत्येक खेपेनंतर डबा धुऊन आतून चुन्यानं पोतायचा. तो फटींतून बाहेर ओघळायचा. पुढं चुन्यानं जनावरांचे पाय भाजतात हे लक्षात आलं आणि १९२०च्या दशकात तो बंद होऊन दुसरी औषधं आली. म्हाताऱ्यानं या डब्यावर ते पांढरे ओघळ मुद्दाम रंगवले होते. कुणीतरी तक्रार केली म्हणे, एवढा सुंदर डबा केला आणि हे डाग कशाला? ‘मी सांगितलं, डाग काढले तर हा जनावरांचा डबा राहणार नाही, बागेतलं बाकडं होईल.’

एका नव्या पोरानं तर पट्ट्यांमधल्या फटींत लांबी भरायला सुरुवात केली होती. त्याला वाटलं, लाकूड आकसलंय. म्हातारा सांगताना हसला, पण आम्हाला हसू आलं नाही. नातवानं त्याच वेळी आत जाऊन फटीला तोंड लावलं आणि विचारलं, ‘बकऱ्या इथूनच श्वास घ्यायच्या?’

आम्ही दोघंही तिथल्या बाकावर बसलो. बोललो काहीच नाही, पण मनात एकच गोष्ट होती. नऊ वर्षांपूर्वीची बकरी ईद.

त्या वर्षी आम्ही लांबच्या बाजारातून कुर्बानीचे बकरे मागवले होते. भाऊबंदांच्या सात घरांचे मिळून एकवीस. एकच टेम्पो केला, भाडं वाचावं म्हणून. पाऊस होता, म्हणून ड्रायव्हरनं वरून, बाजूनं ताडपत्री पक्की बांधली. रात्रभराचा प्रवास. सकाळी ताडपत्री सोडली तेव्हा आतून वाफ आली. दोन बकरे खाली पडलेले होते, बाकीच्यांच्या पायांखाली. एक आमचा होता. व्यापाऱ्यानं दुसरा दिला, माणूस सरळ होता. आम्हीही हळहळलो, ‘अल्लाह की मर्जी’ म्हणालो आणि ईद साजरी केली. त्या मेलेल्या जनावराचा हिशेब कुणीच मांडला नाही. आम्हीही नाही. आज कळतं, ती अल्लाहची मर्जी नव्हती. तो आमच्या खिशाचा हिशेब होता.

वाघीण म्हटलं की मुसलमान माणसाला आणखी एक डबा आठवायला हवा. मलबारात मापिलांचं बंड झालं, तेव्हा नोव्हेंबर १९२१मध्ये सुमारे शंभर कैदी तिरूरच्या स्टेशनवर एका बंद डब्यात भरले. त्यांना बेल्लारीच्या तुरुंगात न्यायचं होतं. डबा मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा, सामानाचा. कोइमतूरजवळ पोदनूरला दार उघडलं, तेव्हा आत प्रेतांचा खच होता. सत्तरच्या आसपास माणसं गेली, बहुतेक मापिला. डब्याच्या झडपांवरची बारीक जाळी रंगानं आणि धुळीनं बुजलेली होती, हे चौकशीत निघालं. ज्या राज्याच्या मायदेशात मेंढ्यांच्या डब्याला पंजाएवढी फट ठेवायचा नियम रूढ होऊन किती वर्षं झाली होती, त्याच राज्यानं इथं माणसांना जाळीएवढीही हवा दिली नाही.

तिरूरमध्ये त्यांच्या स्मरणार्थ सभागृह आहे. २०१८ साली स्टेशनच्या भिंतीवर त्या घटनेचं चित्र काढलं गेलं होतं. आक्षेप आला आणि ते पुसलं गेलं. भिंत पुन्हा स्वच्छ दिसू लागली असेल. आम्हाला तो म्हातारा सुतार आठवतो. डाग काढले तर काय उरतं, हे त्याला ठाऊक होतं.

पण दुसऱ्याच्या भिंतीकडे बोट दाखवणं सोपं. तिरूरचा हिशेब आम्ही इंग्रजाला विचारतो, विचारायलाच हवा. मग ताडपत्रीचा हिशेब कोण विचारणार?

हे लिहितानाही हात अडखळतो. आज जनावरांची गाडी म्हटलं की रस्त्यावर अडवणारे टोळके डोळ्यांसमोर येतात. जनावरावरच्या दयेच्या नावाखाली माणसं मारली गेली आहेत. अशा दिवसांत आपलंच उणं चारचौघांत सांगायचं कशाला, असं आमच्या पुतण्याचं म्हणणं. त्याचं चुकीचं नाही. पण त्यांच्या काठीच्या भीतीनं आपण आपल्या बकऱ्याचा श्वास विसरावा, हेही बरोबर नाही. बांधून ठेवलेल्या मांजरीला उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण पोरांना मदरशात शिकवतो. जनावरासमोर सुरी पाजळू नये, हे अब्बांनी आम्हाला शिकवलं. ते सुरीला धार परसात, आडोशाला लावायचे. हलाल म्हणजे फक्त शेवटचा क्षण नव्हे, असं ते म्हणत. त्या क्षणापर्यंतची वाटही त्यात आली.

आपल्याकडेही कायदा आहे. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८चे नियम आहेत. निघण्याआधी पशुवैद्याचा दाखला, वाटेत चारा-पाणी, दाटी करायची नाही. आपल्यातल्या किती जणांनी ते वाचलेत? आम्ही तरी तिकडून परत आल्यावरच वाचले.

गेल्या बकरी ईदला पुतण्या म्हणाला, ‘चाचा, दोन टेम्पो केले तर भाडं दुप्पट होतं.’ आम्ही म्हणालो, ‘होऊ दे. एका घराची बिर्याणी कमी होईल.’ तो कुरकुरला. सातपैकी तीन घरं तयार झाली नाहीत, त्यांनी आपली वेगळी गाडी केली. चार घरांचे बारा बकरे दोन टेम्पोंत आले. दाखला घेतला. बाजूला ताडपत्रीऐवजी बांबूच्या पट्ट्या, फक्त वर आच्छादन. वाटेत दोनदा थांबून पाणी पाजायला पुतण्या स्वतः बरोबर गेला. पहाटे गाडी दारात आली, तेव्हा एका बकऱ्यानं पट्ट्यांमधून तोंड बाहेर काढलं होतं आणि तो आमच्या कुंपणाचा पाला ओढत होता.

लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा नातवाला ती गाडी दाखवली. त्यानं आधी फटी मोजल्या. मग विचारलं, ‘बाकीच्या तीन घरांच्या गाडीला आहेत का?’

पुढच्या ईदला विचारू, असं आम्ही त्याला सांगितलं आहे.