सेझिनकोटचा वाडा आणि घारापुरीचे खांब

ग्लॉस्टरशायरमधील बोर्टन-ऑन-द-हिल या गावाहून लाँगबरोकडे जाणारी पाऊलवाट सेझिनकोटच्या खाजगी जमिनीतूनच जाते, आणि वहिवाटीचा हक्क त्या देशात इतका दृढ आहे की धन्याची परवानगी न मागता कोणाही पांथस्थाने मेंढ्यांच्या कुरणांतून व जुन्या ओक वृक्षांच्या छायेतून निःशंक चालावे. अशा निखळ इंग्रजी निसर्गात झाडांच्या आडून तांब्याचा हिरवट घुमट आणि कोपऱ्यांवरच्या छत्र्या एकाएकी दिसू लागल्या, तेव्हा माझे पाऊल आपोआप थबकले.

ही मिळकत 1795 मध्ये कर्नल जॉन कॉकरेलने घेतली. 1798 मध्ये तो वारल्यावर ती बंगालमध्ये कंपनी सरकारच्या चाकरीत संपन्न झालेल्या त्याच्या चार्ल्स या भावाकडे आली आणि 1805 च्या सुमारास सॅम्युअल या तिसऱ्या भावाने हा वाडा उभारला. ही संपत्ती कोणत्या मुलखातून आली, हे विसरून या वाड्याकडे पाहणे मला शक्य नाही. तरीही रुंद छज्जे आणि मोरपिसाऱ्यासारख्या कमानी ज्या निष्ठेने घडविल्या आहेत, तिला दाद द्यावीच लागते. अंतर्भाग मात्र सर्वस्वी युरोपीय आहे.

सॅम्युअलने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्यामुळे उद्यानासाठी सल्ला घेतला तो चित्रकार टॉमस डॅनियलचा. हा डॅनियल आपल्या पुतण्यासह 1793 मध्ये मुंबईस आला, तेव्हा त्याला तिकडील लेणी दाखविणारा जेम्स वेल्स म्हणजे सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे काढणारा, पुणेकरांच्या परिचयाचाच चित्रकार होय. त्या दर्शनाचे फळ येथील ओढ्यावरच्या पुलाखाली उतरले की प्रत्यक्ष हाताला लागते. पाण्यातल्या पायदगडांवरून चालत जाताना दोहों बाजूंस घारापुरीच्या धर्तीचे जाड खांब उभे असतात. तेथे शिवाच्या गुहेचे छत पेलणारी ती घडण येथे वाड्याकडे जाणारा गाडीरस्ता पेलते, आणि वर कठड्यावर नंदी बसलेले आहेत. ओढ्याच्या वरच्या अंगास सूर्याचे छोटे देऊळ आहे. या साऱ्यात मला सर्वांत प्रिय वाटला तो हा पूलच. वाड्याचा घुमट दुरून मोहवितो, पण घारापुरीच्या पाषाणात कोरलेल्या कल्पनेची खरी ओळख पटते ती येथेच.

पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला युवराज 1807 मध्ये हा वाडा पाहून गेला, आणि ब्रायटनच्या त्याच्या प्रासादाला नंतर हिंदुस्थानी रूप लाभले. वाडा आणि बाग ठराविक हंगामातील नेमल्या दिवशीच खुली असते, म्हणून आधी चौकशी करूनच निघावे. कुरणातली वाट मात्र बारमाही मोकळी आहे.