सैकल आणि सायकल

आमचं आडनाव शिकलगार. नव्या वर्षी नव्या शिक्षकांनी हजेरी घेताना "काय रे शिकलगार, शिकलास का काही?" असं विचारलं नाही, असं एकही वर्ष माझ्या शाळेत गेलं नाही. पुढे मीच उर्दू आणि मराठी शिकवायला लागलो, तेव्हा या शब्दाचं मूळ मुलांना सांगायची सवय लागली. सैकल हा अरबीतून आलेला शब्द. घासून चकाकी आणणं, गंज उतरवणं, असा त्याचा अर्थ. कारीगर, सौदागरमधला फारसी 'गर' त्याला लागला की झाला सैकलगर. तलवारींना धार लावणारा, पाणी चढवणारा. मराठी जिभेवर तोच शिकलगार झाला, कुठे शिकलकरी झाला. तलवारी गेल्या, मग विळ्या, कात्र्या आणि अडकित्ते उरले. माझे दादा साताऱ्याच्या बाजारात पायाने फिरवायचा धारेचा दगड घेऊन बसत. अब्बांनी तो दगड सोडून नोकरी धरली, मी बी.एड. करून शिक्षक झालो. आमच्या घरातलं लोखंड संपलं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

ते परत आलं आपाच्या सासरहून. दुल्हाभाईंचं एमआयडीसीच्या रस्त्याला ग्रिल-गेटचं छोटं वर्कशॉप आहे. तीन बाजूंनी पत्रा, समोरून उघडं. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, शेड, मागणी येईल ते. त्यांचा थोरला मुलगा, माझा भाचा, आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. मग त्याने एक जुनी माउंटन बाइक विकत घेतली आणि रविवारी पहाटे पोरांबरोबर यवतेश्वरच्या डोंगरातल्या पायवाटा तुडवायला लागला.

वर्षभरात त्या सायकलची फ्रेम तडकली. हँडलच्या नळीला खालची जाड नळी जिथे मिळते, बरोबर तिथे. उतारावर पुढचं चाक दगडाला धडकतं तेव्हा सगळा हिसका त्याच सांध्यावर येतो. फ्रेम ॲल्युमिनियमची होती. पोराने आर्गनवर नीट जोड मारला. पंधरा दिवसांत जोड शाबूत आणि जोडाच्या शेजारचा धातू फाटलेला! का, ते शोधत बसला. ॲल्युमिनियमला तापवलं की जोडाच्या आजूबाजूची त्याची ताकद उतरते, म्हणून कारखान्यात जोडकाम झाल्यावर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालून तिला ताकद परत देतात. "मामू, अपने पास भट्टी कहाँ?" असं म्हणून तो पोलादाकडे वळला. ४१३० नावाचं पोलाद, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं. शेवटचे दोन आकडे म्हणजे ०.३० टक्के कार्बन. विमानांच्या सांगाड्यातही याच जातीच्या नळ्या वापरत. पातळ नळी जोडली तरी तिला नंतर भट्टी लागत नाही.

आपाचा फोन आला तेव्हा आवाजातच रडू होतं. "तू शिक्षक आहेस, तुझं ऐकेल. सुट्टीच्या दिवशी झोपत नाही, जेवत नाही, नळी घासत बसतो. नोकरी सोडीन म्हणतोय." मी गेलो. समजवायला गेलो होतो, पण त्या दिवशी दोन-अडीच तास नुसता बसून बघतच राहिलो.

एका नळीचं तोंड दुसऱ्या नळीच्या गोलाईवर तंतोतंत बसलं पाहिजे. त्यासाठी माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच लागते. कागदावर आकार काढून तो कागद नळीभोवती गुंडाळायचा, रेघ मारायची, करवतीने जादा भाग उडवायचा आणि मग अर्धगोल कानस घेऊन बसायचं. चार हात कानस, नळी लावून बघ, उजेडाकडे धर, फटीतून उजेड दिसतोय, परत चार हात. ग्रिलच्या कामात दोन-तीन मिलिमीटरची फट वेल्डिंग भरून काढतं, कुणी बघत नाही. इथे नळीची जाडीच मुळात एक मिलिमीटरच्या आत. फट राहिली तर तिथे जाळ आरपार जातो, भोक पडतं, आणि थंड होताना धातू त्या बाजूला ओढून अख्खी फ्रेम तिरपी करतो. या नळ्या आतून सारख्या नसतात, हे मला त्या दिवशी कळलं. टोकांना जाड, मध्ये पातळ. जोड मारायचा तिथे जास्त धातू, बाकी ठिकाणी वजन कमी. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ साली या नळीचं पेटंट घेतलं. घराण्याचा मूळ धंदा खिळे करण्याचा.

उर्दू खुशखती शिकवताना मी मुलांना सांगतो, की नस्तालीकमध्ये अक्षराची उंची-लांबी नुक्त्यांनी मोजतात, अलिफ किती नुक्ते उंच, बेचं पोट किती नुक्ते रुंद. कलमाच्या टोकाचा कापच चुकला तर नुक्ता चुकतो आणि पुढचं सगळं चुकतं. भाच्याच्या हातातली कानस बघताना मला तो बोरूचा काप आठवत होता. तो मात्र अंशांत बोलत होता. जमिनीशी हँडलच्या नळीचा कोन किती, यावर सायकलचा स्वभाव ठरतो. ऐंशीच्या दशकातल्या माउंटन बाइकमध्ये तो ७० अंशांच्या आसपास असे, आता डोंगरउतारासाठी ६५-६६ करतात. कोन कमी केला की पुढचं चाक आणखी पुढे जातं, उतारावर डोक्यावरून उलटण्याची भीती कमी होते. चढावर मात्र तीच सायकल जड लागते, पुढचं चाक भरकटतं. दोन्ही सुखं एका फ्रेममध्ये मिळत नाहीत. कुणाला काय हवं ते आधी विचारून फ्रेम करायची, एवढाच या धंद्याचा अर्थ.

मी विचारलं, हे वेड आलं कुठून? त्याने सांगितलेलं नंतर मी वाचून पडताळलं, आणि खरं सांगतो, मला ती गोष्ट आपल्या गल्लीतलीच वाटली. कॅलिफोर्नियात मरिन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाडजूड जुन्या सायकली भंगाराच्या भावात घेऊन डोंगरावरून खाली सोडत. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर शर्यत लावली. पायडल उलटं दाबल्यावर लागणारे ते ब्रेक इतके तापत, की मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर नवं ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत त्याला रिपॅक म्हणतात, म्हणून शर्यतीचंही नाव रिपॅक. जुन्या फ्रेम वाकत, तुटत. मग त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ साली क्रोमॉली पोलादाची फ्रेम मुद्दाम डोंगरासाठी बनवली. तशा दहा केल्या. पहिली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. टॉम रिची हा दुसरा पोरगा शाळेच्या वयापासून फ्रेम बनवायचा. त्याच्या फ्रेम घेऊन गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये 'माउंटनबाइक्स' नावानेच धंदा उघडला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमधून तशाच सायकली भराभर बनवून आणल्या आणि मग जगभरच्या कारखान्यांनी हात घातला. गॅरेजमधल्या कानशीचं काम कारखान्यात गेलं. गॅरेजवाले सगळेच काही श्रीमंत झाले नाहीत, हेही मी आपाला सांगितलं नाही आणि भाच्याला मात्र बजावून सांगितलं.

कारण आपाचा हिशेब पक्का होता. बाहेरून मागवलेल्या नळ्यांचा एक संच ड्यूटी-कुरिअरसकट पंधरा-सोळा हजारांत पडला. तेवढ्या लोखंडात दुल्हाभाई दोन बंगल्यांच्या खिडक्या करतात. फ्रेमला जिग लागतो, हँडलच्या नळीची आतली तोंडं साफ करायची हत्यारं लागतात, ती आणखी महाग. पायडलचा आस बसतो त्या नळीला उजव्या बाजूला उलटे आटे, डाव्या बाजूला सुलटे, त्यांचे टॅप वेगळे. एक फ्रेम व्हायला सुट्टीचे सात-आठ दिवस. "आणि लडकीवाले विचारतील, लडका काय करतो? सायकल बनवतो म्हणू?" आपल्याकडे सायकल या शब्दाला चिकटलेली गरिबी अजून उतरलेली नाही. लाखाची सायकल घेणारे लोक याच शहरात पहाटे फिरतात, पण ते आपल्या मोहल्ल्यातून जात नाहीत. हाताच्या कामाबद्दलही तेच. अत्तार, मणियार, पिंजारी, मोमीन, शिकलगार अशी आमची निम्मी आडनावं हुनरावरून पडलेली, आणि त्या हुनरातून पोराला बाहेर काढणं हीच प्रगती, असं आमच्या दोन पिढ्यांनी मानलं. त्याला कारणंही होती. हातकामाने पोट नीट भरलं असतं तर दादांचा दगड अब्बांनी सोडला नसता.

पहिली फ्रेम तयार झाली ती मी पाहिली. न रंगवलेली, जोडांवर निळसर-तपकिरी झाक, एकावर एक ठेवलेल्या नाण्यांसारखे टाके. त्याने मागच्या एका टोकाला दोरी बांधली, ती हँडलच्या नळीला वळसा घालून मागच्या दुसऱ्या टोकाला आणली आणि दोन्ही बाजूंनी सीटच्या नळीपर्यंतचं अंतर मोजलं. फरक एका मिलिमीटरच्याही आत. मी खूश झालो. आपानेसुद्धा पदराने ती पुसली.

पुढच्या शुक्रवारी पोराने ती फ्रेम शिकंज्यात धरली आणि करवतीने उभी-आडवी कापली.

आपा ओरडली. सोळा हजार आणि दोन महिने! तो म्हणाला, "अम्मी, बाहेरून सुंदर दिसतं, आत काय आहे ते कसं कळणार? यावर कुणी उतारावरून येणार आहे." माउंटन बाइकच्या फ्रेमची आंतरराष्ट्रीय चाचणी वाचली तर त्याच्या भीतीचा अंदाज येतो. पायडलवर बाराशे न्यूटनचा, म्हणजे साधारण सव्वाशे किलोचा दाब, तोही एक लाख वेळा. तसं यंत्र त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे करवत होती.

दुल्हाभाई तोपर्यंत या भानगडीत पडलेच नव्हते. बोलणं त्यांचं आधीच कमी. कुराणात दाऊद अलैहिस्सलामांच्या हातात लोखंड मऊ झाल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापाने जोडण्याचा उल्लेख आहे, तेवढाच एक किस्सा ते कधीमधी वेल्डिंगच्या काचेआडून सांगतात. ते उठले, कापलेले तुकडे एकेक करून उजेडात धरले. एका जोडापाशी थांबले. अंगठ्याचं नख त्यावर फिरवलं आणि म्हणाले, "इसमें छेद है. वारा लगा." जोडाच्या आत टाचणीच्या टोकाएवढी दोन-तीन छिद्रं होती. समोरच्या उघड्या बाजूने वारा येतो, जोडाभोवतीचं आर्गनचं आवरण उडवून नेतो आणि तापलेल्या धातूत हवा शिरते. जाड ग्रिलमध्ये ते खपून जातं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या समोरच्या बाजूला, एका कोपऱ्याला जुनी ताडपत्री आडवी बांधलेली होती. कुणी बांधली ते कुणी विचारलं नाही.

त्याच महिन्यात कारखान्यातून कायम करण्याचं पत्र आलं. उत्तराला दहा दिवस. भाचा माझ्याकडे आला, "मामू, तुमे क्या बोलते?" मी सांगितलं, नोकरी घे. दोन वर्षं पगारातून हत्यारं जमव, पहिल्या पाच फ्रेम नफ्याशिवाय कर, आणि तोवर कुणाकडून आगाऊ पैसे घेऊ नकोस. त्याला हे आवडलं नाही. सल्ला त्याला हवा होता तो वेगळा होता, आणि मलाही तो देता आला असता, टाळ्या मिळाल्या असत्या. पण हात चांगला असलेली किती तरी पोरं मी उधारीखाली हात आखडून बसलेली पाहिली आहेत. आपाला मी दुसरी गोष्ट सांगितली, ताडपत्रीमागचा कोपरा त्याचा. तिथे ग्रिल ठेवायची नाहीत. तिने मान हलवली नाही, पण दुसऱ्या दिवशी कोपरा झाडलेला होता म्हणे.

तो रुजू झाला. दीड-दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलला.

मग पहिलं गिऱ्हाईक आलं. रविवारच्या चमूतली एक मुलगी, कॉलेजात शिकणारी, उंची चार फूट अकरा इंच. बाजारातली लहानात लहान माउंटन बाइकसुद्धा तिला मोठी पडते. थांबताना वरची दांडी लागते, हँडलपर्यंत पोचायला पाठ ताणावी लागते, म्हणून तासाभरात मान धरते. इतकी वर्षं ती पोरांची छोटी सायकल चालवत होती. तिला फ्रेम हवी होती, पण तिच्या मापाची. आणि माप घ्यायचं तर पायांचं आतल्या बाजूचं, धडाचं, हातांचं, खांद्यांचं. भाचा टेप हातात घेऊन लाल होऊन उभा. आपा आतून हे बघत होती. ती वीस वर्षं ब्लाउज शिवते. बाहेर आली, त्याच्या हातातला लोखंडी टेप बाजूला ठेवून गळ्यातला कापडी टेप काढला आणि मुलीला म्हणाली, "चल बेटा, आत ये. भिंतीला पाठ लावून उभी राहा."

मापं ब्लाउजच्या वहीत गेली. मागच्या पानावर पाटलीणबाईंचं गळ्याचं माप, पुढच्या पानावर फ्रेम. आपाने वर स्वतःहून एक शेरा लिहिला आहे: 'डावा हात अर्धा इंच लांब, मान पुढे काढून बसते, विचारून घेणे.' भाच्याने हे सगळं कागदावरच्या आकृतीत बसवलं, वरची दांडी खाली घेतली, हँडल जवळ आणलं. दहापैकी सहा सांधे कानशीने बसवून झाले आहेत. वारा पडतो तेव्हा, म्हणजे पहाटे, ड्यूटीला जाण्याआधी तो जोड मारतो. रंगाचं अजून ठरत नाही. मुलीला काळा हवा आहे, आपा म्हणते, इतक्या मेहनतीच्या चिजेला काळा कोण लावतं.