पाणीत आणि पाण्यात

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. मुलगा नोकरीनिमित्त जकार्त्यात असतो. मागे तीन महिने त्याच्याकडे राहून आले, तेव्हाची गोष्ट.

नातू नऊ वर्षांचा. शाळेत इंडोनेशियन, घरी मोडकंतोडकं मराठी. एकदा म्हणाला, "आजी, बॉल पाणीत पडला." मला हसू आवरेना. "अरे, पाणीत काय? पाण्यात!" असं दोन-तीनदा झालं आणि पोरगं माझ्याशी मराठीत बोलेनासंच झालं.

वेळ जावा म्हणून मी इंडोनेशियन शिकायला घेतलं. लिपी इंग्रजीचीच, भाषेला 'बहासा', गुरूला गुरूच. म्हटलं, सोपं दिसतंय. पण पेपरातला 'मेनुलिस' शब्दकोशात 'एम'खाली काही सापडेना. शेवटी नातवालाच विचारलं. तो हसला नाही हो, वही घेऊन बसला.

"आजी, मूळ शब्द तुलिस, म्हणजे लिहिणं. आधी 'मे' लागला की त जातो, न येतो. पुकुल म्हणजे मारणं, त्याचं मेमुकुल. सापु म्हणजे झाडू, झाडायचं तर मेन्यापु. किरिम, पाठवणं, त्याचं मेङिरिम."

"आणि बाचा, वाचणं?"

"मेम्बाचा. ब जात नाही. त, प, स, क जातात. कोशात मूळ शब्द बघायचा."

मला आपले संगम, संचय, संताप, संपर्क आठवले. अनुस्वार तोच, पण पुढच्या अक्षराप्रमाणे उच्चार वेगळा. आपल्याकडे पुढचं अक्षर टिकतं, त्यांच्याकडे कधी कधी नाकातला आवाज ते गिळूनच टाकतो. सगळी जिभेची सोय.

मग मीही वहीत लिहिलं: पाणी, पाण्यात. फूल, फुलाला. गाय, गाईला. तो म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

तेव्हा मला माझं लहानपण आठवलं. सुट्टीत पुण्याला गेले की खिडकीला 'बारी' म्हणायचे आणि मावसभावंडं फिदीफिदी हसायची. मग मी तिथे तोंडच उघडत नसे. तेच मी नातवाला केलं होतं.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. परवा विचारलं, "आजी, पाण्यात, तर मग बादल्यात का?"

"नाही रे, बादलीत. ती बदलत नाही."

"का?"

म्हटलं, "ते पाणी, ती बादली. थांब, वही घेते."