हळदीतला निळा बुश

सांगलीतल्या हळद पॅकिंगच्या मशीनमधून काढलेला पितळी बुश मालकांनी आमच्या वर्कशॉपच्या टेबलावर ठेवला. हॉपरखालची झडप ज्या दांड्यावर मागंपुढं सरकते, त्यावरचा. आतलं ग्रीस पिवळंधमक झालेलं, चिमटीत चोळलं तर कचकचणारं. पूड मिसळली की ग्रीसची व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी गत होते. झीज थांबवायला घातलेलं वंगणच झीज वाढवतं, आणि त्याचा एक थेंब खाली पडला तरी तो माल विकता येत नाही.

"ग्रीसच लागणार नाही असं काही करता येईल का?" मालकांनी विचारलं.

जर्मनीतल्या कलोनची इगस कंपनी थ्रीडी प्रिंटरसाठी असं फिलामेंट बनवते. त्यात घन वंगणाचे बारीक कण आरपार मिसळलेले असतात. बुश झिजेल तसे आतले कण उघडे पडतात, आणि सुरुवातीच्या घासण्यातच दांड्यावर त्यांचा पातळ थर बसतो. आम्ही खाद्यपदार्थांना चालणारं आय-१५१ घेतलं. रंग निळा, कारण खाण्यात निळं जवळपास काही नसतं. कपचा उडालाच तर लगेच दिसतो. हळदीत तर उठूनच दिसेल.

बुश उभाच छापायचा. आडवा छापला तर भोकाची वरची कमान लोंबते. उभ्यातही भोक मापापेक्षा किंचित लहान येतं, हाउसिंगमध्ये ठोकल्यावर अजून आवळतं. म्हणून मॉडेलमध्येच थोडी सूट धरायची आणि बसवल्यावर हातानं रीमर फिरवायचा. निळे कुरळे धागे बाहेर येतात, दांडा अलगद आत सरकतो. या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण हाच! ग्रीस गेलं की गंजाला मोकळं रान मिळतं, म्हणून दांडाही स्टेनलेसचा केला.

पाकीट बंद करणाऱ्या सीलिंग जबड्याजवळ हीटर आहे. उष्णतेनं प्लास्टिक मऊ पडतं, म्हणून तिथला बुश पितळीच ठेवला.

झडप व्यवस्थित चालली, तेव्हा मालकांनी हळद दळणाऱ्या पल्व्हरायझरसाठीही निळे बुश मागितले. मी स्पष्ट नाही म्हटलं. असा बुश कुठं टिकेल हे दाब आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरतं. पल्व्हरायझर मिनिटाला हजारो फेरे घेतो. घर्षणाची उष्णता पितळ प्लास्टिकच्या शेकडो पट सहज वाहून नेतं. प्लास्टिकमध्ये ती जागीच साठते आणि बुश मऊ पडतो. तिथं ग्रीस भरलेलं बॉल बेअरिंगच हवं, आणि पूड आत शिरू न देणारं चांगलं सील.