चिऱ्याच्या घरातल्या नेटवर्कास

प्रिय घरातल्या नेटवर्का,

वैभववाडीत तुझी आठवण निघते ती नेट बंद पडल्यावर. घाटात दरड कोसळली, खोदकामात फायबर तुटली किंवा झाड लायनीवर पडलं, की राउटरकडे बघत आम्ही म्हणतो, नेटवर्क गेलं. गेलेलं असतं ते बाहेरचं. तू घरातच असतोस, आणि लाईट असेल तर चालूही असतोस. माजघरातल्या संगणकात ठेवलेलं आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग तेव्हाही ओटीवरच्या टीव्हीवर ऐकता येतं. मोबाईलमधला सातबारा प्रिंटरवर निघतो. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटचं टिपण लिहिलं, तेव्हा एका इमारतीतले संगणक एकमेकांना आणि एका लेझर प्रिंटरला जोडायचे, एवढंच मनात होतं. तुझं मूळ काम तेच. घरातल्या यंत्रांना तू देतोस ते १९२.१६८ने सुरू होणारे पत्तेसुद्धा खास खाजगी वापरासाठी राखलेले आहेत. उंबऱ्याबाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. तू घराचा आहेस, कंपनीचा नाहीस. आमच्या घरांनी मात्र तुला अजून जागा करून दिलेली नाही.

२०२० साली टाळेबंदीत शेजारच्या कणकवली तालुक्यातली एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून भर पावसात अभ्यासाला बसली होती. ती बातमी वाचून माझ्या पोटात कालवलं होतं. त्यानंतर कितीतरी वाड्यांत फायबर आली. आणि आता दारापर्यंत पोचलेलं नेट आमच्या शेवटच्या भिंतीशी अडतं, हे मला बघवत नाही.

भिंत चिऱ्याची, चांगली जाड. त्यात पावसाळ्यात ती ओल धरते आणि ओली भिंत वाय-फायच्या लहरी आणखी शोषते. पाच गिगाहर्ट्झचा वेग मोठा, पण दोन भिंतींत तो दमतो, २.४ जरा पुढे जातो, पण हळू. वायर ओटीवरून आत येते म्हणून राउटर ओटीवरच ठोकला जातो. मग मागच्या पडवीत शिकणारं पोर खिडकीत मोबाईल धरून उभं. अशा वेळी लोक रिपीटर आणून पडवीतच लावतात. पण तिथे येणारा सिग्नलच अर्धमेला, तो बिचारा तोच पुढे ढकलणार.

खरा उपाय जुनाच आहे: केबल. राउटरपासून माजघरापर्यंत कॅट-६ची एक तार आणि तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट. एका तारेची मर्यादा १०० मीटर. आमच्याकडचं कुठलंही घर त्यात बसतं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवून कनेक्टर दाबला की झालं. बारावीचं पोर एका दुपारी शिकेल असं हे काम आहे, आणि आमच्या मुलांनी ते शिकावं असं मला मनापासून वाटतं.

मांगरापर्यंत तुला न्यायचं असेल तर मात्र तांब्याची तार उघड्यावरून ओढू नये. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात इथे विजा कशा कडाडतात ते तू जाणतोस. जवळ वीज पडली तर त्या तारेतून दाब आत शिरतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. तिथे फायबरच हवी. काचेतून वीज वाहत नाही. पण राउटरचा अडॅप्टर लाईटच्या लायनीवरच असतो, म्हणून गडगडाट सुरू होण्याआधीच तोही प्लगमधून काढायचा आणि घराला अर्थिंग नीट करून घ्यायचं.

सध्या जुनी घरं पाडून नवी उभी राहत आहेत. प्लास्टर चढण्याआधी वायरमन लाईटसाठी पाइप टाकतो, तेव्हाच तुझ्यासाठी वेगळा पाइप टाकून घ्यावा, लाईटच्या तारांपासून अंतर ठेवून. प्लास्टर झाल्यावर चिरा फोडायला कोणी धजत नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिलं, घर बांधणाऱ्यांनीही वाचावं म्हणून.

तुझा,
वैभववाडीतला एक रहिवासी